आकडे तिकडे, चित्र इकडे : एक प्रस्तावना

२४ मे २०११ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, एल रीनो गावाजवळ एक टोर्नेडो जमिनीला टेकला आणि जवळपास १०० किलोमीटरचा पट्टा उद्ध्वस्त करून गेला. ९ माणसे दगावली. काही वर्षांनी ली ऑर्फ हे हवामानशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी तसेच वादळ पुन्हा उठवले, या वेळी संगणकात. इलिनॉय राज्यात अर्बाना इथे असलेल्या ‘ब्लू वॉटर्स’ या महासंगणकाचे सुमारे २० हजार कोअर तीन दिवसांहून अधिक काळ राबले. वातावरणाचा मोठा तुकडा सुमारे ३० मीटरच्या ठोकळ्यांमध्ये कापला होता. असे ठोकळे झाले १८४ कोटी. प्रत्येक ठोकळ्यासाठी वाऱ्याचा वेग, दाब, तापमान, बाष्प अशा कितीतरी राशी, आणि मॉडेलमधले घड्याळ पुढे सरकत होते सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने.

वादळ उठले, पण ते पाहायचे कसे? एकच राशी घेतली, समजा दाब, आणि ती चार-चार बाइटांत साठवली, तर एका क्षणाच्या नोंदीला ७.४ गिगाबाइट जागा लागते. दर सेकंदाला एक नोंद ठेवायची म्हटले तर वादळाच्या एका तासाला, एकाच राशीचे, २६ टेराबाइट. १०० मेगाबिटच्या जोडणीवरून हा ऐवज स्वतःच्या टेबलावर आणायला २४ दिवस लागतील, तेही वाटेत जोडणी एकदाही तुटली नाही तर. आणि आणला तरी ठेवायचा कुठे, उघडायचा कशात? साध्या लॅपटॉपच्या मेमरीत त्यातले दोन-तीन क्षणच मावतील.

आता उलटा हिशेब. त्याच वादळाचे नेहमीच्या एचडी पडद्याच्या मापाचे चित्र, म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, दाबून पाठवले तर पाव मेगाबाइटच्या आसपास होते. तेवढे त्याच जोडणीवरून सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात येते. ऑर्फ बसत होते एका राज्यात आणि आकडे होते दुसऱ्या राज्यात. तरी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जो मुद्दा गाजला तो चित्रांतूनच पुढे आला होता. वादळाच्या पुढच्या अंगाला, थंड हवेतून, जमिनीलगत एक झोत मळसूत्रासारखा फिरत येतो आणि वर चढणाऱ्या हवेत शोषला जातो. आकड्यांच्या रकान्यांवरून नजर फिरवून असा झोत कुणाला सापडला नसता.

दूरस्थ दृश्यीकरण म्हणतात ते हेच. आकडे जिथे जन्मले तिथेच राहू द्यायचे, चित्र तिथल्याच यंत्रांकडून काढून घ्यायचे आणि फक्त चित्र घरी मागवायचे. सांगायला एवढे सोपे असलेले हे काम करायला बसले की नव्या विद्यार्थ्याची गाडी विज्ञानापर्यंत पोचतच नाही. ती दारातच अडते. पासवर्ड, किल्ली, सहा आकडी कोड, रांग, नोड, पोर्ट, टनेल, आवृत्ती. ही यादी पाहून वाटते की कुणीतरी मुद्दाम छळायला बसले आहे. पण यातली एकेक पायरी वेगळ्या काळी, वेगळ्या गावी, वेगळ्याच कुणाच्या अडचणीतून तयार झाली. हेलसिंकीतल्या चोरीचा, केंब्रिजमधल्या कॉफीचा, तेल शोधणाऱ्या भूगर्भतज्ज्ञांच्या गरजेचा असे सगळे जुने हिशेब आज एका काळ्या खिडकीत एकत्र येऊन उभे राहतात. कुठली पायरी कोणत्या अडचणीवरचा तोडगा होती हे ठाऊक असले, की काम अडल्यावर हात नेमका कुठे घालायचा हेही उमगते. पुढची प्रकरणे या धोरणाने रचली आहेत, आणि या प्रस्तावनेत त्या सगळ्या दारांची एकदा ओळख करून दिली आहे.

प्रथम यंत्राविषयी. १९८७ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनसाठी ब्रूस मॅक्‌कॉर्मिक, थॉमस डीफॅन्टी आणि मॅक्सिन ब्राउन यांनी वैज्ञानिक गणनातल्या दृश्यीकरणावर एक अहवाल तयार केला. महासंगणक आणि उपग्रह जेवढे आकडे ओततात तेवढे पचवायची सोय शास्त्रज्ञांकडे नाही, सबब चित्र काढण्याला स्वतंत्र विद्याशाखा म्हणून पैसा आणि माणसे द्या, असा त्याचा आग्रह होता. त्यानंतर साधने येत गेली. १९९३ मध्ये विल श्रोडर, केन मार्टिन आणि बिल लॉरेन्सन यांनी ‘व्हीटीके’ हे सॉफ्टवेअर एका पाठ्यपुस्तकाच्या जोडीला म्हणून लिहायला घेतले. २००० साली किटवेअर कंपनी आणि लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळा यांनी त्याच पायावर ‘पॅराव्ह्यू’ उभारायला सुरुवात केली. ते २००२ मध्ये लोकांच्या हाती आले. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचे ‘व्हिजिट’ही त्याच सुमाराचे. ही सारी साधने फुकट मिळतात आणि आजही जगभरच्या क्लस्टरांवर तीच चालतात.

चित्र काढणारे क्लस्टर वेगळे का लागते, हे शिकागोजवळच्या अर्गॉन प्रयोगशाळेच्या उदाहरणावरून चांगले समजते. तिथे २०१२ पासून ‘मीरा’ नावाचा आयबीएमचा ब्लू जीन महासंगणक होता. ४९,१५२ नोड, प्रत्येकात १६ कोअर आणि १६ गिगाबाइट मेमरी. गणितात तो वाघ होता, पण त्यात एकही ग्राफिक्स कार्ड नव्हते. म्हणून शेजारी आधी ‘टकी’ आणि नंतर ‘कूली’ ही छोटी यंत्रे बसवली. (१९६५ मध्ये जलद फूरिए रूपांतराची प्रसिद्ध रीत मांडणारे जेम्स कूली आणि जॉन टकी, त्यांची ही नावे.) कूलीचे नोड होते फक्त १२६. पण प्रत्येक नोडमध्ये ३८४ गिगाबाइट मेमरी आणि एनव्हिडियाचे टेस्ला के-८० कार्ड. मीराला हजारो हात होते आणि प्रत्येक हाताला ओंजळभर मेमरी. कूलीला हात थोडे, पण आकड्यांचा मोठा डोंगर एकदम मेमरीत घेऊन फिरवण्याची ऐपत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोघांची फाइल साठवण सामाईक होती. मीराने लिहिलेली फाइल कूली जागच्या जागी उघडत असे. एक बाइटही कॉपी करावी लागत नव्हती, आणि दृश्यीकरणाचे क्लस्टर महासंगणकाच्या अंगणातच बसवण्याचे खरे कारण हेच.

आता दारे. पहिले दार एसएसएचचे.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरणारा सापळा लावला. तोवर दूरच्या यंत्रावर जायचा रूढ मार्ग टेलनेटचा होता, आणि त्यात पासवर्ड उघडावाघडा तारेवरून जात असे. तिथले संशोधक टाटू युलोनेन यांनी त्याच वर्षी एसएसएच लिहून मोफत वाटले. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी अधिकृतपणे मागून घेतला. आज क्लस्टरच्या फायरवॉलमध्ये बाहेरच्यांसाठी बहुधा हाच एक पोर्ट उघडा असतो. त्यामुळे पुढचे सगळे सामान, मग ते चित्र असो वा माउसची हालचाल, या एकाच दारातून आत-बाहेर न्यावे लागते. टनेल नावाची भानगड येते ती इथून.

किल्ली किंवा पासवर्ड असताना वर फोनवरचा सहा आकडी कोड कशाला, असे प्रत्येक नवखा विचारतो. मे २०२० हे त्याचे उत्तर. एडिनबरोचे ‘आर्चर’ हे यंत्र, जर्मनीतली युलिश आणि म्युनिकजवळची केंद्रे, स्वित्झर्लंडचे राष्ट्रीय महासंगणक केंद्र अशी युरोपातली एकामागून एक केंद्रे त्या महिन्यात बाहेरच्यांसाठी बंद करावी लागली. घुसखोरांनी कुलूप फोडलेले नव्हते. ते खऱ्या वापरकर्त्यांच्या चोरलेल्या ओळखीवर आत शिरले होते. एका विद्यापीठातल्या निष्काळजी माणसाची किल्ली दुसऱ्या देशातले यंत्र उघडत होती. आर्चरच्या सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड आणि किल्ल्या नव्याने कराव्या लागल्या. किल्लीवर स्वतःचा परवलीचा शब्द घाला आणि खासगी किल्ली क्लस्टरवर कॉपी करू नका, असे पहिल्या प्रकरणात पुन्हा पुन्हा सांगितले आहे त्यामागे ही घटना आहे.

दुसरे दार रांगेचे. एसएसएचने आत गेल्यावर माणूस पोचतो तो लॉगिन नोडवर. हा नोड म्हणजे वाड्याची ओसरी. तिथे बसावे, कागदपत्रे पाहावीत, निरोप द्यावा. चूल मात्र तिथे मांडू नये. शंभर जण एकाच वेळी त्या ओसरीवर असतात, आणि एकाने तिथेच पॅराव्ह्यूमध्ये दहा गिगाबाइटची फाइल उघडली तर बाकीच्यांच्या आज्ञा गोगलगाईच्या गतीने चालू लागतात. व्यवस्थापकांचे खरमरीत पत्र येते ते अशाच वेळी. खरे काम कॉम्प्यूट नोडवर, आणि तिथे जागा मिळते रांग लावून. नासाच्या एम्स केंद्रात १९९१ पासून विकसित झालेली पीबीएस किंवा लिव्हरमोरमध्ये २००२ च्या सुमारास सुरू झालेली स्लर्म, यांपैकी एखादी व्यवस्था ही रांग सांभाळते. किती नोड, किती वेळ, कुठल्या प्रकल्पाच्या खात्यावर, हे आधी सांगायचे.

इथे दृश्यीकरणवाल्यांचे आणि रांगेचे मुळातच पटत नाही. रांग बनली ती रात्री टाकून सकाळी पाहायच्या कामांसाठी. जॉब टाकणारा तेव्हा झोपलेला असला तरी बिघडत नव्हते. चित्र फिरवून पाहणाऱ्याला मात्र नोड मिळेल त्या क्षणी स्वतः पडद्यासमोर हजर असावे लागते, आणि तो विचार करत बसला तरी घड्याळ चालूच राहते. मागितलेले दोन तास संपले की यंत्र दया दाखवत नाही. रंग जुळवून, कोन साधून आणलेले चित्र डोळ्यांदेखत उडते. पॅराव्ह्यूमध्ये केलेली मांडणी एका छोट्या स्टेट फाइलमध्ये जपता येते. ती दर वीस मिनिटांनी जपायची सवय लावून घ्यावी. बऱ्याच केंद्रांनी या भांडणावर तोडगा म्हणून समोर बसून करायच्या कामांसाठी छोटी, झटपट सरकणारी वेगळी रांग ठेवली आहे.

तिसरे दार सर्वांत रंजक, कारण चित्र खरोखर प्रवास करते ते इथून.

१९८४ साली एमआयटीमध्ये रॉबर्ट शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो ही व्यवस्था रचली. कार्यक्रम एका यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्यावर दिसावी, ही सोय तिच्यात पहिल्यापासून आहे. फक्त तिची परिभाषा नवख्याला गोंधळात टाकते: तिथे सर्व्हर म्हणजे वापरणाऱ्याच्या टेबलावरचा, पडदा सांभाळणारा कार्यक्रम, आणि क्लायंट म्हणजे दूरच्या महायंत्रावर चालणारे सॉफ्टवेअर. एक्स तारेवरून पाठवते ती चित्र काढण्याची आज्ञा: इथे रेघ ओढ, तिथे अक्षर लिही. मजकुराच्या खिडकीला हे झकास चालते. पण वादळाचा पृष्ठभाग म्हणजे कोट्यवधी त्रिकोण. ते सगळे तारेवरून लॅपटॉपकडे धावू लागले की ज्या ओझ्यापासून सुटका करून घ्यायची होती तेच ओझे मागच्या दाराने घरात येते. क्लस्टरवर पॅराव्ह्यू साध्या एक्स फॉरवर्डिंगने उघडणाऱ्याचा पडदा मिनिटभर गोठतो तो यामुळे.

आज्ञा न पाठवता थेट पिक्सेल पाठवायचे ही दुसरी वाट. तिची मुळे केंब्रिजमध्ये सापडतात. तिथल्या विद्यापीठाच्या संगणक विभागात १९९१ साली एका कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता. जिना चढून जावे आणि भांडे रिकामे निघावे, हा ताप वाचवायला १२८ गुणिले १२८ पिक्सेलचे करडे चित्र सगळ्यांच्या पडद्यावर दिसत असे. ते चित्र दाखवणारा कार्यक्रम लिहिला क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी. पुढे हेच गृहस्थ त्याच गावातल्या ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत ‘व्हीएनसी’ घडवणाऱ्या गटात होते. व्हीएनसीत दूरच्या यंत्राचा सगळा पडदा चित्र म्हणून येतो, आणि इकडची माउसची व कळांची हालचाल तिकडे जाते. जोडणी तुटली तरी तिकडचा पडदा जिवंत राहतो; पुन्हा जोडले की काम जिथे सोडले तिथून पुढे. वीज जाण्याची सवय असलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

व्हीएनसीला एक खोड मात्र होती. तिचा पडदा आभासी, त्यामागे ग्राफिक्स कार्ड नाही. त्रिमितीय चित्रे प्रोसेसरला रखडत काढावी लागत. २००४ च्या सुमारास तेलसाठे शोधण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लँडमार्क ग्राफिक्स कंपनीत ‘व्हर्च्युअलजीएल’ तयार झाले. भूगर्भाचे अजस्र आराखडे तिथल्या तज्ज्ञांना दुरून फिरवून पाहायचे होते. व्हर्च्युअलजीएल सॉफ्टवेअरच्या त्रिमितीय आज्ञा मधल्या मध्ये पकडते, नोडच्या खऱ्या कार्डाकडून चित्र काढून घेते आणि तयार पिक्सेल आभासी पडद्यावर ठेवते. टर्बोव्हीएनसी ही तिची जोडीदार. नोडवर हे नीट बसले आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे: चित्र काढणारा कोण, असे यंत्राला विचारायचे. उत्तरात एनव्हिडियाचे नाव आले तर ठीक. ‘एलएलव्हीएमपाइप’ असे आले तर समजावे की कार्ड रिकामे बसले आहे आणि प्रोसेसर घाम गाळतो आहे.

आता हा सगळा खेळ एकदा जवळून पाहू. एक संशोधिका लॅपटॉप उघडून बसली आहे. टर्मिनलमध्ये ती क्लस्टरचे नाव देते, किल्लीचा परवलीचा शब्द देते, फोनवरचा कोड घालते. स्वागताचा मजकूर सरकत जातो. देखभालीसाठी यंत्र कधी बंद राहणार ते त्यात असते आणि तो जवळपास कुणीच वाचत नाही. एक नोड, दोन तास, अशी मागणी ती रांगेत टाकते. थोड्या वेळाने नोडचे नाव पडद्यावर उमटते. ते टिपून घ्यावे, पुढचे सगळे त्यावर अवलंबून. त्या नोडवर ती व्हीएनसी सर्व्हर सुरू करते. तो म्हणतो, डिस्प्ले क्रमांक १. ५९०० मध्ये १ मिळवायचा, म्हणजे पोर्ट ५९०१. आता लॅपटॉपवरच दुसरे टर्मिनल उघडून ती एसएसएचला सांगते की इथल्या ५९०१ वर जे येईल ते लॉगिन नोडमार्गे त्या नोडच्या ५९०१ वर पोचव. नोडला बाहेरच्या जगात पत्ता नसतो, तिथे थेट जाता येत नाही, म्हणून हा वळसा. शिवाय साध्या व्हीएनसीची वाहतूक उघडी असते, आणि तिच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे मोजली जातात; टनेलमुळे तिला एसएसएचचे चिलखत मिळते.

आज्ञा दिली की पडद्यावर काहीच घडत नाही. खिडकी नुसती लुकलुकत राहते. नवखा माणूस काहीतरी चुकले असे समजून ती बंद करतो आणि त्याबरोबर टनेलही मिटतो. ती उघडीच ठेवायची असते. मग व्ह्यूअरमध्ये पत्ता टाकायचा तो आपल्याच यंत्राचा, लोकलहोस्टचा, आणि डिस्प्ले १. क्षणभरात दूरचा डेस्कटॉप समोर येतो.

आला नाही तर? टनेलच्या त्या लुकलुकत्या खिडकीत बहुधा कारण लिहिलेले असते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्रापर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर ऐकणारे कुणी नाही. सर्व्हर बंद आहे किंवा आकडा चुकला. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे वाटेतच अडलो. फायरवॉल आडवी आली किंवा नोड मेला. या दोन ओळींतला फरक कळला तरी मदत केंद्राला धाडायच्या निम्म्या ईमेल वाचतात.

चौथे दार पॅराव्ह्यू आणि व्हिजिटवाल्यांचे. त्यांना सगळा डेस्कटॉप मागवायची गरज नसते, कारण ही सॉफ्टवेअरे स्वतःचेच दोन तुकडे करू शकतात. बटणे आणि याद्या लॅपटॉपवर, जड काम क्लस्टरवर. पॅराव्ह्यूचा सर्व्हर मुळात ११,१११ या पोर्टवर वाट पाहतो. वादळाचा डेटा अनेक नोडांत वाटलेला असतो, आणि प्रत्येक नोड आपापल्या वाट्याचे पूर्ण आकाराचे चित्र काढतो. मग प्रश्न उरतो, कुठला पिक्सेल कुणाच्या पुढे? प्रत्येक नोड रंगाबरोबर खोलीही सांगतो. जवळचा ठेवायचा, मागचा झाकायचा. पॅराव्ह्यूमध्ये हे जुळवण्याचे काम सँडिया प्रयोगशाळेत लिहिलेली ‘आइसटी’ ही लायब्ररी करते. शेवटी एकच चित्र लॅपटॉपकडे निघते. डेटा किरकोळ असला तर सर्व्हर चित्र न पाठवता त्रिकोणच पाठवून देतो आणि लॅपटॉप ते स्वतः रंगवतो. ही सीमारेषा वापरकर्त्याला बदलता येते, आणि मंद जोडणीवर ती कुठे ठेवावी याचा ऊहापोह पुढे एका प्रकरणात सविस्तर केला आहे.

या वाटेवरचा ठरलेला खड्डा आवृत्तीचा. दोन्हीकडे एकच आवृत्ती हवी. लॅपटॉपवर हौसेने नवे ५.१२ घेतले आणि क्लस्टरवर ५.११ असले, तर दोघे एकमेकांशी बोलायलाच नकार देतात. संकेतस्थळावरून सर्वांत नवी आवृत्ती उतरवण्याआधी क्लस्टरवर कोणती आहे ते पाहावे. जुन्या आवृत्त्या तिथेच मिळतात.

तारेची एक मर्यादा मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला ओलांडता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुण्याहून शिकागो सरळ रेषेत १३ हजार किलोमीटरच्या आसपास. माउस हलवला, ती बातमी तिकडे गेली आणि नवे चित्र परत आले, तर जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद निव्वळ प्रवासाचे. समुद्रतळाच्या केबली सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात आणखी जास्त. जोडणी कितीही रुंद घेतली तरी हा उशीर कमी होत नाही. म्हणून फिरवताना चित्र जाडेभरडे पाठवायचे आणि हात थांबला की स्वच्छ पाठवायचे, ही युक्ती पॅराव्ह्यू आणि टर्बोव्हीएनसी दोघेही आपापल्या परीने वापरतात. त्यातही एक काळजी घ्यावी लागते. दाबलेल्या चित्रात रंगांच्या कडांना खोटे डाग उठतात. ते वाऱ्याचे भोवरे समजून कुणी वहीत टिपू नयेत. निष्कर्ष काढण्याआधी एकदा बिनघटीचे चित्र मागवून पाहिलेले बरे.

पुण्याला ही दुनिया परकी नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला, तो याच शहरात. पाषाणच्या भारतीय उष्णप्रदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये सुरू झाल्यावर आयसर पुण्यात ‘परम ब्रह्म’ बसला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आकाशातून रेडिओ लहरी गोळा करतात. मान्सूनचे ढग असोत की दूरच्या दीर्घिकेतला हायड्रोजन, यंत्र जिथे आहे तिथे प्रत्येक अभ्यासक राहत नाही. दारे तीच, क्रमही जवळपास तोच. फक्त अर्जाचा नमुना आणि रांगांची नावे बदलतात. आणि जोडणी देशातल्या देशात असल्याने चित्र कितीतरी चपळ हलते.

अलीकडे ही दारे दिसेनाशी करण्याचे प्रयत्न जोरात आहेत. ओहायो सुपरकॉम्प्युटर सेंटरचे ‘ओपन ऑनडिमांड’ ब्राउझरमधूनच रांगेत जॉब टाकते, नोड मिळताच बटण दाखवते आणि बटण दाबले की डेस्कटॉप उघडते. टनेलची आज्ञा कुणाला टंकावी लागत नाही. रेडिओ खगोलशास्त्रासाठी बनवलेले ‘कार्टा’ही असेच: अवजड प्रतिमा सर्व्हरवर, खिडकी ब्राउझरमध्ये. ज्या केंद्रात अशी सोय आहे तिथे ती खुशाल वापरावी. मात्र आत तेच चालते. बटण करडेच राहिले तर रांग, पडदा काळा आला तर व्हीएनसी, चित्र रखडले तर ‘एलएलव्हीएमपाइप’, हे ओळखता यायला पडद्यामागची मांडणी ठाऊक असावी लागते.

दुसरा बदल अधिक मुळाशी जाणारा आहे. ओक रिजचा ‘फ्रंटियर’ २०२२ मध्ये एक्झाफ्लॉपचा उंबरठा ओलांडून गेला, पण तबकड्यांवर लिहिण्याचा वेग गणिताच्या वेगाच्या कितीतरी मागे राहिला आहे. सगळा डेटा लिहून ठेवायलाच परवडत नाही, मग नंतर उघडून पाहणार काय? त्यामुळे गणित चालू असतानाच चित्रे काढण्याची पद्धत रुजते आहे. पॅराव्ह्यूचे ‘कॅटलिस्ट’ त्यासाठीच आहे. लॉस अ‍ॅलामॉसच्या ‘सिनेमा’ या प्रकल्पात तर अनेक कोनांतून, अनेक रंगसंगतींत चित्रे आधीच काढून त्यांचाच कोश साठवतात; मग ती चाळायला साधा लॅपटॉप पुरतो. यात गोम अशी की काय पाहायचे हे आधी ठरवावे लागते. ऑर्फ यांच्या वादळातला तो मळसूत्री झोत कुणी आधी मागितलेला नव्हता. डेटा हाताशी ठेवून, फिरवत-कापत, काय दिसते ते पाहण्याची मोकळीक म्हणून अजून हवीच आहे, आणि ही पुस्तिका त्या मोकळिकीसाठी लागणाऱ्या तयारीची आहे.

प्रकरणांचा क्रम दारांच्याच क्रमाने लावला आहे. पहिली दोन खाते, किल्ली आणि रांग यांवर. मधली तीन व्हीएनसी, टनेल आणि ग्राफिक्स कार्डावर. नंतर पॅराव्ह्यू व व्हिजिटची दोन तुकड्यांतली मांडणी. आणि शेवटी रात्री रांगेत टाकून द्यायच्या चित्रफितींच्या स्क्रिप्ट. ज्यांना एसएसएच हाताला बसले आहे त्यांनी थेट तिसऱ्या प्रकरणाला लागावे. बाकीच्यांनी पान उलटण्याआधी एक काम उरकावे: आपल्या केंद्राच्या खात्याचा अर्ज आजच भरून मार्गदर्शकांच्या सहीसाठी पाठवावा. मंजुरी यायला दिवस जातात, आणि तोवर पहिली दोन प्रकरणे वाचून होतात.